इंटर्नशिपला रोज उशीर होतोय? लोकलला दोष देण्याआधी हे तपासा

बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, कल्याण, डोंबिवली. या पट्ट्यातून मुंबईत लोअर परळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) किंवा अंधेरीला इंटर्नशिपसाठी जाणाऱ्यांची तक्रार जवळपास एकच असते: "लोकलमुळे उशीर होतो." तपासलं की बहुतेक वेळा लोकल तिच्या वेळेला धावलेली असते. वेळ गळते ती दोन टोकांना, म्हणजे घर ते फलाट आणि स्टेशन ते टेबल. म्हणून खालच्या तपासण्या फुकटापासून महागापर्यंत अशा क्रमाने लावल्या आहेत. वरची केल्याशिवाय खालची करू नका. फर्स्ट क्लासचा पास काढून मग कळतं की खोळंबा लिफ्टच्या रांगेत होता, आणि पैसे गेलेले असतात.

लक्षणं

आधी तुमचं लक्षण यातलं कोणतं ते ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

रोज साधारण तेवढाच उशीर, दहा ते पंधरा मिनिटं. याचा अर्थ हिशोबात एक तुकडा धरलेलाच नाही. तपासणी १ ते ३ मध्ये हे सुटतं.

चार दिवस वेळेवर आणि पाचव्या दिवशी एकदम चाळीस मिनिटं. तुमचा सगळा प्रवास एकाच गाडीवर टांगलेला आहे. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. तपासणी २ आणि ४ पाहा.

वेळेवर पोहोचता, पण दुपारपर्यंत डोकं चालत नाही. उभ्याने प्रवास आणि अपुरी झोप. तपासणी ६.

जायला दोन तास, यायला पावणेतीन. संध्याकाळसाठी वेगळं नियोजन लागतं आणि ते कुणी करत नाही. हेही तपासणी ६ मध्ये.

स्टायपेंडचा मोठा भाग रिक्षा-टॅक्सीत जातो. तपासणी ४ आणि ५.

एरवी ठीक, पण सणाच्या दिवशी किंवा पावसात कोलमडतं. तपासणी ७.

तपासणी १: पाच दिवस सात वेळा लिहा (खर्च शून्य)

मोबाईलच्या नोट्समध्ये सात क्षणांची वेळ टिपायची: घराचं दार, फलाटावर पाय, गाडी सुटली, मोठ्या स्टेशनला उतरलो, शेवटच्या स्टेशनाबाहेर पडलो, इमारतीचं गेट, टेबल. अंदाज लिहायचा नाही, घड्याळ बघून लिहायचं. बदलापूर ते लोअर परळ असा एक नमुना घेऊ:

७.०२ दार
७.१९ फलाट
७.२६ गाडी सुटली
८.३६ दादर
८.५३ करी रोड स्टेशनबाहेर
९.०९ इमारतीचं गेट
९.२१ टेबल

एकूण १३९ मिनिटं. त्यातली ७० मोठ्या गाडीत गेली. उरलेली ६९ मिनिटं म्हणजे चालणं, थांबणं, पूल, दादरहून दोन स्टेशनांची स्लो (प्रत्येक स्टेशनला थांबणारी लोकल), सिक्युरिटी आणि लिफ्ट. ऑफिस सव्वानऊचं असेल तर हा माणूस रोज सहा मिनिटं उशिरा. आणि गेट ते टेबल बारा मिनिटं! टॉवरमध्ये नऊ ते साडेनऊच्या दरम्यान लिफ्टसमोर रांग लागते, व्हिजिटर रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं, आणि हजेरीचं मशीन वरच्या मजल्यावर असतं. मॅपवर दाखवलेली वेळ इमारतीच्या गेटपाशी संपते. इंटर्नला पहिले काही दिवस आयकार्ड नसतं, म्हणून रोज नोंद करावी लागते. ते कार्ड मागून घेतलं तर कधीकधी अख्खी समस्या तिथेच मिटते.

पाच दिवसांच्या नोंदी एकाखाली एक मांडा. जो तुकडा रोज सारखाच निघतो तो बाजूला ठेवा. जो रोज बदलतो, एके दिवशी चार मिनिटं आणि एके दिवशी सतरा, तो दोषी.

तपासणी २: टेबलापासून उलट मोजा (खर्च शून्य)

बहुतेक जण गाडी ठरवतात आणि मग पोहोचायची वेळ काढतात. उलट करा. टेबलाची वेळ धरा, त्यातून प्रत्येक तुकड्याची सर्वांत वाईट नोंद वजा करत मागे या. सरासरी धरू नका. सरासरीवर चालणारा माणूस साधारण निम्मे दिवस उशिराच पोहोचतो.

आता राखीव वेळ कुठे ठेवायची? याचं उत्तर अनेकांचं चुकतं. ठाण्याहून किंवा दादरहून गाडी चुकली तर थोड्याच मिनिटांत दुसरी येते. कल्याणच्या पलीकडे तसं नाही. कल्याणला लाइन दोन दिशांना फुटते, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जत-खोपोलीकडे, त्यामुळे बदलापूर किंवा टिटवाळ्याच्या वाट्याला येणाऱ्या गाड्या मोजक्याच असतात. तिथे एक चुकली की पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि पुढची गाडी स्लो निघाली तर आणखी वीस. म्हणून राखीव दहा मिनिटं घराच्या टोकाला ठेवा, दादरला नव्हे. बदलापूरला फलाटावर दहा मिनिटं आधी उभं राहणं स्वस्त पडतं.

प्रत्येक गाडीला एक पर्यायी गाडीही लिहून ठेवा: "७.२६ चुकली तर अमुक, ती कल्याणपर्यंतच असेल तर तिथून बदलून अमुक." एम-इंडिकेटर ॲपवर वेळापत्रक मिळतं. गाडी प्रत्यक्षात कुठे आहे ते रेल्वेच्या यात्री ॲपवर दिसतं. दोन्हींचं काम वेगळं आहे: पहिलं आदल्या रात्री बघायचं, दुसरं घरातून निघताना.

तपासणी ३: डबा आणि पूल (खर्च शून्य)

बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरहून थोडी लांब असते. चुकीच्या टोकाला उतरलात तर गर्दीतून फलाटभर चालायला पाच मिनिटं, आणि तोवर पुलाच्या जिन्यावर अख्खी गाडी चढायला लागलेली असते. तीन दिवस फक्त एवढंच बघा: उतरल्यावर तुम्हाला हवा तो पूल कितव्या डब्यासमोर येतो. मग चढताना त्याच डब्यात चढा. दादरला हे पाळणारा माणूस आणि न पाळणारा माणूस यांच्यात एका गाडीचा फरक पडतो.

दादरचीच एक गोष्ट. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग क्रमांकाचे झाले: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुने जाणकार अजून "मध्य रेल्वेचा एक नंबर" म्हणतात आणि नवख्याला चुकीच्या बाजूला पाठवतात. पाटी वाचा.

फलाटावरचा इंडिकेटरही नीट वाचायला शिका. बीएल म्हणजे बदलापूर, ए अंबरनाथ, टीएल टिटवाळा, एन कसारा, के कल्याण. एस हे अक्षर दोन ठिकाणी येतं: गंतव्याच्या जागी कर्जत, वेगाच्या जागी स्लो. संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी बदलापूरकर एनची गाडी पकडतो, झोपतो, आणि जाग येते तेव्हा कल्याण मागे पडलेलं असतं.

तपासणी ४: उतरायचं स्टेशन बरोबर आहे का (खर्च शून्य ते थोडा)

सर्वांत जास्त वेळ इथे वाचतो, म्हणून जरा सविस्तर.

लोअर परळ. मॅप सांगतो: दादरला उतरा, पुलावरून पश्चिम रेल्वेवर जा, लोअर परळची स्लो पकडा. मध्य रेल्वेवरून येणाऱ्याला हा वळसा बहुधा नको असतो. दादरला फास्टमधून उतरून मध्य रेल्वेचीच स्लो घ्या, परळनंतरचं करी रोड गाठा आणि चालत जा. करी रोडला फास्ट थांबत नाही, हे विसरू नका. ऑफिस प्रभादेवीच्या बाजूला असेल तर परळला उतरा. परळ आणि प्रभादेवी ही स्टेशनं पादचारी पुलाने जोडलेली आहेत. (प्रभादेवी म्हणजे जुनं एल्फिन्स्टन रोड. पत्ता सांगणारे अजून तेच नाव घेतात.)

बीकेसी. इथे दोन रस्ते आहेत. पहिला: कुर्ल्याला उतरून पश्चिमेला या, तिथून बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा. कुर्ला ते वांद्रे पूर्व अशी बीकेसीतून जाणारी ३१० नंबरची बस अनेकांचा आधार आहे. स्वस्त, पण सकाळी रस्ता तुंबला की हाच तुकडा कधी बारा मिनिटं तर कधी पस्तीस घेतो. दुसरा: दादरला उतरून पश्चिमेला चालत मेट्रो ३ गाठा, शितलादेवी, धारावी, मग बीकेसी. जमिनीखालून जात असल्यामुळे वेळ बदलत नाही. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, ते चालणं हिशोबात धरा. पहिल्या रस्त्यावर तुमची कुर्ल्यानंतरची नोंद रोज वेगळी येत असेल तर दुसरा घ्या, भाडं जास्त पडलं तरी. आणि बीकेसी मोठं आहे. तुमची इमारत कुठल्या टोकाला आहे ते आधी बघा, नाहीतर मेट्रोत कमावलेली मिनिटं पुन्हा रिक्षात जातील.

साकीनाका, मरोळ, चकाला, अंधेरी. दादरला जाऊन अंधेरीला मागे येणं हा सरळ तोटा. घाटकोपरला उतरा, मेट्रो १ तिथेच पुलाने जोडलेली आहे. घाटकोपरला सकाळी तपासणीची रांग लागते; तिकिटाचीही रांग नको असेल तर कार्ड किंवा पास आधीच करून ठेवा.

ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) घ्या. कुर्ल्याला जाऊन हार्बरने फिरून येऊ नका.

शेवटच्या तुकड्यात रिक्षा-टॅक्सी रोज लागत असेल तर हिशोब करा. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ आहे, आणि ते दीड किलोमीटरसाठी. दीड किलोमीटर म्हणजे अठरा-वीस मिनिटांचं चालणं. बावीस दिवस दोन्ही वेळा रिक्षा केली तर ११४४ रुपये. बेस्टचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये आहे.

तपासणी ५: पास बरोबर काढलाय का

सगळ्यात मोठी चूक: कॉलेजचा सवलतीचा फॉर्म भरून ऑफिसच्या स्टेशनपर्यंत पास काढणं. विद्यार्थी सवलत घर ते शिक्षणसंस्था एवढ्याच प्रवासाला आहे. इंटर्नशिपच्या प्रवासाला साधा पासच लागतो.

सेकंड क्लासचा मासिक पास ढोबळमानाने पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीचा असतो. म्हणजे महिन्यात आठ दिवस जाऊन-येऊन केलं की तो वसूल. आठवड्यातून एकच दिवस ऑफिस असेल तर पास काढू नका. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट असतो. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला दोन मासिक पास स्वस्त. दहा आठवड्यांची असेल तर त्रैमासिक.

दादरला मध्यवरून पश्चिमला जाणार असाल तर दादरमार्गे असा एकच पास मागा, दोन वेगळे नकोत. ॲपवर नवा पास काढला तर तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे रुजू व्हायच्या आदल्या दिवशी काढा. मोबाईलमधल्या पासची एक अडचण म्हणजे बॅटरी. रात्री परतताना मोबाईल बंद पडला आणि टीसी समोर आला, तर दाखवायला काहीच नाही. दिवसाचे चार-पाच तास प्रवास असेल तर छापील पास आणि ओळखपत्र खिशात असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फर्स्ट क्लासचा विचार इथे करा, आधी नाही. गर्दी तिथेही असते. फक्त धक्काबुक्की थोडी कमी. सेकंडचा पास घेऊन फर्स्टमध्ये चढलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. एसी लोकलचा पास फर्स्ट आणि सेकंडलाही चालतो, पण तुमच्या वेळेला जाता-येता एसी गाडी आहे का ते आधी बघा. एकाच बाजूला मिळत असेल तर तो महाग पडतो.

तपासणी ६: बसायला जागा, जाताना आणि येताना

सत्तर मिनिटं उभं राहून गेलेला माणूस दुपारी दोनला संपतो. बसायला मिळणं ही चैन नाही.

सकाळी तुमच्या स्टेशनवरून सुटणारी गाडी शोधा, मागून येणारी नको. अंबरनाथकराला अंबरनाथ लोकल, डोंबिवलीकराला डोंबिवली लोकल. ती दहा मिनिटं आधीची असली तरी घ्या.

"रिटर्न मारणं" सगळ्यांना माहीत आहे: डोंबिवलीहून उलट कल्याणला जायचं आणि त्याच गाडीत बसून परत यायचं. यात एक कायदेशीर खड्डा आहे. पास डोंबिवलीपासूनचा असेल तर कल्याणपर्यंतचा तुमचा प्रवास विनातिकीट ठरतो. रिटर्न मारणार असाल तर पास कल्याणपासूनचाच काढा. किमतीतला फरक एका दंडापेक्षा खूपच कमी असतो.

संध्याकाळचं गणित वेगळं. लोअर परळवाल्यांनी दादरला जाऊन भरलेल्या फास्टमध्ये घुसायचा प्रयत्न करण्याआधी परळहून सुटणाऱ्या लोकल बघाव्यात. त्या मार्च २०१९ पासून चालू आहेत. परळ-कल्याण स्लो वीस-पंचवीस मिनिटं जास्त घेईल, पण बसून. तिथून पुढची गाडी बदला. दादरहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. झोप येत असेल तर कल्याणच्या दहा मिनिटं आधीचा व्हायब्रेशनचा गजर लावून मोबाईल हातात धरा.

दारात लटकू नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन भरलेल्या गाड्यांमधून प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. दाराशी उभ्या माणसाची सॅक दुसऱ्या गाडीला किंवा खांबाला लागू शकते. कुठल्याही इंटर्नशिपची हजेरी त्या दांड्याला लटकण्याइतकी महत्त्वाची नाही.

तपासणी ७: सुट्ट्या, ब्लॉक, पाऊस

सरकारी सुट्टीच्या दिवशी रेल्वे बऱ्याचदा रविवारचं वेळापत्रक चालवते. तुमचं खासगी ऑफिस मात्र चालू. तुमची नेहमीची गाडी त्या दिवशी नसतेच. आदल्या संध्याकाळी बघा. रविवारी काम असेल तर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) गृहीतच धरा.

पावसात शीव, कुर्ला, माटुंगा हे सखल पट्टे आधी भरतात. मोठी भरती, साधारण साडेचार मीटरच्या वर, आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी ओसरत नाही. बदलापूर-वांगणीला उल्हास नदीचा धोका वेगळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथेच पाण्यात अडकली होती. असे दिवस मेंटॉरशी आधीच बोलून ठेवा: सकाळी साडेसहाला रेड अलर्ट असेल तर घरून काम. आधी ठरलं असेल तर तो निरोप असतो, त्या दिवशी सकाळी सांगितलं तर तीच सबब वाटते.

तपासणी ८: वेळ बदला, मग जागा बदला (सर्वांत महाग)

वरचं सगळं केल्यावरही दारापासून टेबलापर्यंत एका बाजूला अडीच तासांच्या वर लागत असेल तर आणखी मिनिटं वाचवत बसू नका. ऑफिसशी बोला. मागणी नेमकी हवी: "साडेनऊऐवजी साडेदहा ते साडेसात चालेल का?" किंवा "आठवड्यातले दोन दिवस घरून?" सोबत पाच दिवसांच्या नोंदी दाखवा. "लोकल लेट होती" यापेक्षा त्या कागदाला वजन असतं.

तेही नाही जमलं तर राहायची जागा. शहरात पूर्ण महिन्याचं पीजी (पेइंग गेस्ट) घेण्याआधी मधला मार्ग बघा: सोमवार ते गुरुवार ठाण्याला आत्याकडे, मुलुंडला मावशीकडे, किंवा ठाणे-कळव्याला दोघा-तिघांत खोली. पीजी घेताना डिपॉझिट किती, आधी सोडलं तर किती कापतात, हे लिहून घ्या. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला तीन महिन्यांची अट परवडत नाही.

इथे थांबा, आणि दुसऱ्याला विचारा

गर्दीत दोनदा चक्कर आली, छातीत दुखलं, पायाला मुंग्या येतात किंवा कंबरदुखी दोन आठवड्यांत थांबली नाही, तर गाडी बदलून उपयोग नाही. डॉक्टरांकडे जा.

ऑफिस ठरल्यापेक्षा जास्त तास थांबवतं आणि शेवटची सोयीची गाडी रोज चुकते, तर कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला लेखी कळवा. इंटर्नशिप त्यांच्यामार्फत असेल तर तासांबद्दल बोलणं हे त्यांचं काम आहे, तुम्ही एकट्याने वाद घालू नका.

चोरी, छेडछाड किंवा मारामारी झाली तर रेल्वे पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे नंबर आजच सेव्ह करा. फोन करताना गाडी कुठून कुठे जाणारी, पुढचं स्टेशन कोणतं आणि डब्यावर लिहिलेला क्रमांक एवढं सांगितलं तर मदत पुढच्या फलाटावर उभी राहू शकते.